सतराव्या खणामागची फट

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. या खोलीत घाबरायचे काम माझ्याकडे आहे. मी चोवीस खणांचा एक जुना लाकडी पेटारा आहे. माझ्या खणांत कपडे नाहीत, भांडी नाहीत, सुया-दोरेही नाहीत. कार्डे आहेत. पोस्टकार्डाएवढी, जाडसर, हाताने लिहिलेली कार्डे, अठरा हजारांच्या घरात. कोणी चहाचा कप माझ्या डोक्यावर ठेवला की माझा जीव टांगणीला लागतो. खिडकीचे दार आपटले, भिंतीवर पाल सरकली, कुठे काडी ओढल्याचा आवाज आला, की पोटात गोळा उठतो. एकेचाळीस वर्षे मी अशीच काढली. पण त्यातली एक काळजी बाकीच्या सगळ्यांना पुरून उरणारी होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

ज्यांची कार्डे मी सांभाळतो त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. बाई इतिहास लिहितात. लढायांचा आणि तलवारींचा नव्हे. आशियात मोठमोठी साम्राज्ये होऊन गेली. त्या बादशहांच्या राज्यांत, मुसलमानांच्या वस्त्यांत आणि बंदरांत, साधी माणसे कशी राहत होती हे बाई शोधतात. काझी निवाडा कसा देत असे, विणकर गाऱ्हाणे घेऊन कोणाकडे जात, तांडेलाची विधवा नवऱ्याच्या जहाजावर हक्क कसा सांगे, मशिदीच्या विहिरीचे पाणी शेजारच्या वेगळ्या धर्माच्या गल्लीला मिळे की नाही. त्यासाठी त्या फारसी शिकल्या, अरबी शिकल्या, आणि किड्यांनी चाळणी केलेल्या वह्या वाचून वाचून जाड भिंगांचा चष्मा लावून बसल्या.

त्यांना कॉलेजात पहिली नोकरी लागली तेव्हा कार्डे बुटांच्या खोक्यांत होती. त्यांचे वडील सुतार होते. त्यांना सहीपुरतेच लिहिता येई. एकदा ते खोक्यांकडे बघून म्हणाले, "पोरी, एवढा जिवापाड अभ्यास करतेस आणि ठेवतेस कशात, तर चपलांच्या खोक्यात?"

मग त्यांनी एक कोरे कार्ड मागून घेतले आणि चार महिने शर्टाच्या खिशात बाळगले. पाडलेल्या एका शाळेचे सागवानी बाक त्यांना मिळाले, त्यातून मी झालो. माझ्या डाव्या अंगावर अजून कर्कटकाने कोरलेले एक फूल आहे. तुमच्यासारख्याच कोणीतरी गणिताच्या तासाला कोरलेले असणार. प्रत्येक खण करताना वडील खिशातले कार्ड काढून उभे धरून बघत, आडवे धरून बघत. ग्रंथालयातल्या पेटाऱ्यांत कार्डांना भोक पाडून आरपार सळई घालतात. बाईंना सळई नको होती, कारण त्यांना कार्डे सारखी काढायची आणि घालायची असत. वडिलांनी मान डोलावली आणि आपल्या मनाने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक खणाची मागची पट्टी त्यांनी बुटकी ठेवली, आणि तिच्यामागे पाठीच्या फळीपर्यंत दोन बोटांची फट सोडली.

"ही कशाला हो बाबा?" बाईंनी विचारले.

"वाऱ्याला. कागद कोंडला की कुबट होतो. माणसासारखंच आहे त्याचं."

खण कोणाच्या पायावर पडू नये म्हणून त्यांनी आत एक लाकडी गुटकाही ठोकला. खण पुरता बाहेर काढायचा तर तो थोडा तिरका करून उचलावा लागतो. हे फक्त वडिलांना माहीत होते. फट आणि गुटका, दोन्ही त्यांनी प्रेमाने केले होते, आणि माझी पुढची सगळी काळजी याच दोन गोष्टींतून निघाली.

खणांवर नावे लिहायला वडिलांनी पुढच्या गल्लीतल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांना बोलावले. त्यांच्या हाताला असे वळण होते की दुकानाच्या पाटीसाठीही लोक महिनामहिना थांबत. ते आधी खडूच्या रेघाही आखत नसत. "पुसायचं असेल तर लिहायचं कशाला?" असे ऐटीत म्हणत. त्यांनी तेवीस नावे लिहिली: नाखवे, विणकर, विहिरी, निवाडे, फर्माने, असे काय काय. तेवीस नावांना त्यांनी नऊ दिवस लावले. तेवीस नावांना नऊ दिवस लागत नाहीत, हे घरात सगळ्यांना कळत होते. चोवीसाव्या खणावर काय लिहू असे त्यांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या कोरा. काय निघेल ते अजून माहीत नाही." पुढच्या वर्षी त्या दोघांचे लग्न झाले. बाई आजही नवऱ्याला 'अहो पेंटर' अशीच हाक मारतात.

आता बाईंचा नियम सांगतो, कारण त्यावरच सगळे अडले. एका कार्डावर एकच गोष्ट. जी गोष्ट जुन्या कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली ती निळ्या शाईने लिहायची, आणि मागे कोणत्या दिवशी पाहिली ते नोंदवायचे. जी कोणी सांगितली, पत्रात कळवली, ती शिसपेनीने लिहायची. पुढे ती खरी बघायला मिळाली की शाईचे नवे कार्ड करायचे आणि शिसपेनीचे फाडून टाकायचे. बाई कार्डावर प्रश्नचिन्ह काढत नसत. शिसपेन हेच त्यांचे प्रश्नचिन्ह होते. हा नियम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की तो घरात कोणाला सांगायचा राहूनच गेला.

बरीच वर्षे सुखाची गेली. मी तसा नावाजलेला होतो. घरी येणारे प्राध्यापक माझ्यावर हात फिरवत आणि "वा, काय काम आहे!" म्हणत. मला गुदगुल्या होत, आणि लगेच त्यांच्या हातातल्या कपाची धास्तीही वाटे.

मग एका दूरच्या प्राध्यापकांचे बाईंना पत्र आले. एका जुन्या बंदराच्या काझीने दिलेला एक निवाडा तिथल्या दफ्तरात आहे, असे त्यांनी कळवले होते. जहाज फुटले होते. दोन भागीदार भांडत होते, एक मुसलमान आणि एक दुसऱ्या धर्माचा. काझीने एकट्याने निकाल दिला नाही. दोन्ही समाजांतली दोन-दोन वडीलधारी माणसे शेजारी बसवली, त्यांचे ऐकले, आणि मग निकाल दिला. पत्रात हिजरी सन होता, आणि पुढे लिहिले होते, 'महिना बहुधा सफर'. बाईंनी ते शिसपेनीने उतरवले आणि सतराव्या खणात, 'निवाडे' या नावाखाली, ठेवले. हिजरी वर्षातही बारा महिने असतात. त्यांत सफर दुसरा आणि शव्वाल दहावा, एवढे लक्षात ठेवा.

दोन वर्षांनी बाई स्वतः त्या बंदराच्या दफ्तरखान्यात गेल्या. तीन आठवड्यांत त्यांनी नव्वद-पंच्याण्णव कागद पाहिले. त्यांत तो निवाडाही होता, आणि त्यावर महिना स्पष्ट होता: शव्वाल. त्यांनी शाईने कार्ड केले, मागे दिवस घातला आणि पुढच्या कागदाकडे वळल्या. तेव्हा तो निवाडा त्यांच्या लेखी शंभरातला एक होता. शेवटच्या दिवशी घरून निरोप आला की बाबांचे जास्त झाले आहे. बाई मिळेल त्या गाडीने आल्या, पण वडील थांबले नाहीत.

कार्डांची पिशवी महिनाभर दाराच्या खुंटीला तशीच लटकत होती. मग एका दुपारी बाई माझ्यासमोर बसल्या. माझ्या खणांच्या मुठी वडिलांनी घासल्या होत्या. त्या मुठींना हात लागला की बाईंना रडू येई. जुनी शिसपेनीची कार्डे शोधून फाडायचे त्यांना त्या दिवशी भान नव्हते. त्यांनी गठ्ठे केले आणि ज्या त्या खणात कोंबले. सतरावा खण आधीच गच्च भरला होता. त्यांनी तो जोराने आत लोटला. शेवटचे, शव्वालचे कार्ड उचलले गेले, बुटक्या पट्टीवरून पलीकडे झाले आणि फटीत पडले.

मला ते पडलेले कळले. कागद पडायला किती आवाज होतो? पण मला तो ऐकू आला. मी ओरडू शकत नव्हतो. बाई डोळे पुसून उठून गेल्या.

पुढची वीस वर्षे मी स्वतःची समजूत घालत होतो की एक कार्ड गेले तर काय मोठेसे. अठरा हजार आहेत. शिवाय शिसपेनीचे कार्ड खणात आहेच, आणि शिसपेन म्हणजे खात्री करून घ्या. बाई कधीतरी खात्री करतीलच.

मग बाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. एकापाठोपाठ एक, दोन्ही डोळ्यांची. काही आठवडे वाचायला बंदी होती. पेंटरांचे वय झाले होते, पाट्या आता यंत्रावर छापल्या जात होत्या, त्यांच्या हाताला काम नव्हते. त्यांनी सहज म्हणून माझे खण उघडून पाहिले. शिसपेनीची कार्डे पुसट झाली होती. ते बराच वेळ एक कार्ड खिडकीशी धरून उभे राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "हे तिला आता कसं दिसणार?"

मित्रांनो, त्या दुपारी मी थरथरलो असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण माझ्या मुठी खरोखर वाजत होत्या. पेंटरांनी बाईंचीच निळी शाई घेतली, बाईंचेच पेन घेतले आणि बाईंच्याच वळणात, एकेक पुसट अक्षर शाईने उठवले. शाई वाळली की खालची शिसपेन रबराने अलगद पुसली. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना हवे ते वळण काढून दिले त्याला बायकोचे अक्षर काढायला कितीसा वेळ लागणार? अकरा दुपारी ते बसले आणि दोनशे बारा कार्डे त्यांनी केली. जीभ दातांत धरून, शाळकरी मुलासारखे. कोणाला सांगितले नाही. बाईंना नुसते स्वच्छ दिसावे, एवढीच त्यांची हौस होती. दहाव्या दुपारी त्यांच्या हातात सफरचे कार्ड आले आणि ते शाईचे झाले.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी बाईंना बादशहाचे एक फर्मान सापडले. वेगवेगळ्या धर्मांच्या भागीदारांच्या भांडणात दोन्ही समाजांची माणसे बसवावीत, असा हुकूम त्यात होता, आणि काझीच्या निवाड्याच्याच हिजरी सनाच्या सहाव्या महिन्यात तो त्या बंदरात वाचून दाखवला गेला होता. आजवर सगळे म्हणत होते की ही शहाणपणाची रीत दरबाराने घालून दिली. बाई ताडकन उठल्या, सतरावा खण उघडला आणि कार्ड काढले.

"सफर!" त्या ओरडल्या. "अहो पेंटर, इकडे या! दुसरा महिना! फर्मानाच्या चार महिने आधी! बंदरातल्या माणसांनी हे आधीच केलं होतं. दरबार नंतर शिकलाय!"

"पण पक्कं आहे का ते?" पेंटरांनी आपले विचारायचे म्हणून विचारले.

"शाईतलं आहे. म्हणजे मी स्वतः पाहिलंय." बाईंनी कार्ड कपाळाला लावले. मागची बाजू बघायचे त्या आनंदात त्यांना सुचले नाही. पेंटर हसले. शाईचा आणि पाहण्याचा काय संबंध, हे त्यांना कळले नाही आणि विचारायचे सुचलेही नाही.

त्या कार्डावर बाईंनी सात वर्षे पुस्तक लिहिले. सगळी प्रकरणे त्या एका महिन्याकडे निघाली होती. पुस्तकाचे नाव ठरले, 'बंदराने दरबाराला शिकवले'. हे आपले शेवटचे मोठे काम, असे बाई म्हणत. त्यांच्या आवाजात इतकी उभारी मी कधी ऐकली नव्हती, आणि मी मात्र आतून झुरत होतो. पुस्तक छापले जाईल, कोणीतरी त्या दफ्तरखान्यात जाईल, तो कागद काढील आणि म्हणेल, बाईंनी खोटे लिहिले. चाळीस वर्षे ज्यांनी एक ओळही न पाहता लिहिली नाही, त्यांना लोक खोटे म्हणतील. आणि खरे कार्ड तेव्हाही माझ्याच पाठीशी पडलेले असेल.

मला एकच गोष्ट येते. हवेत ओल आली की मी फुगतो. मी जमेल तितका फुगलो आणि सतरावा खण अडवून धरला. वाटले, बाई वैतागतील, जोर लावतील, खण पुरता बाहेर काढतील. बाईंनी काय केले? मेणबत्तीचा तुकडा आणला आणि खोबणीला घासला. खण लोण्यासारखा चालू लागला. "बघा, म्हातारा कसा सुतासारखा सरळ आला," त्या पेंटरांना म्हणाल्या.

शेवटची प्रुफे आली. शुक्रवारी संपादिका स्वतः येऊन ती नेणार होत्या. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्यामागच्या भिंतीला ओल दिसली आणि पेंटरांच्या हाताला खाज सुटली. "भिंत मीच रंगवतो," ते म्हणाले. बाई दुसऱ्या खोलीत प्रुफे तपासत होत्या. मला भरलेला हलवणे एकट्याच्या ताकदीबाहेरचे होते, म्हणून पेंटरांनी एकेक खण काढायला घेतला. पहिल्या खणाने त्यांना पंधरा मिनिटे झुंजवले. मग त्यांना सासऱ्यांचा गुटका सापडला आणि खण कसा तिरका करायचा ते समजले. "सासरेबुवा, कमाल आहे तुमची," असे म्हणून ते कामाला लागले. एक, दोन, तीन. मी खण मोजत होतो. पंधरा. सोळा.

सतरावा निघाला. पेंटरांनी फटीत हात घातला तो जळमट काढायला. हात बाहेर आला तेव्हा बोटांत कार्ड होते.

त्यांनी ते फुंकरले, चष्मा लावला, वाचले. पेंटर काही विद्वान नव्हेत. पण जेवताना, चहा पिताना, सात वर्षे त्यांनी त्या बंदराची आणि त्या काझीची कथा ऐकली होती. शव्वाल हा शब्द त्यांनी दोनदा वाचला: दहावा महिना, म्हणजे फर्मानानंतरचा. त्यांनी खणातले सफरचे कार्ड काढले आणि दोन्ही शेजारी ठेवली. दोन्हीवर बाईंचे अक्षर. पण पाटीवाल्याला आपला हात कळतो. सफरमधल्या 'र'ची शेपटी त्यांची होती. त्यांनी नव्या सापडलेल्या कार्डाची मागची बाजू पाहिली. तिथे दिवस होता. सफरच्या कार्डाची मागची बाजू कोरी होती. मग ते खणातली एकेक कार्डे उलटून पाहू लागले. काहींच्या मागे दिवस, काहींच्या मागे काही नाही. ज्यांच्या मागे काही नाही ती सगळी त्यांनी उठवलेली. शिसपेन म्हणजे काय, हे त्या माणसाला तेव्हा कळले.

मला वाटले होते, कार्ड सापडले की माझा जीव भांड्यात पडेल. कसचे काय! पेंटरांनी दारापलीकडे कान दिला. पलीकडे बाई प्रुफे वाचता वाचता गुणगुणत होत्या. पेंटरांनी ते कार्ड शर्टाच्या खिशात घातले, सासरे मापाचे कोरे कार्ड बाळगत तसे, आणि भिंत रंगवायला घेतली.

तो मंगळवार होता. बुधवार गेला. त्यांनी एकच भिंत दोनदा रंगवली. बाईंनी विचारले, "अहो, जेवत का नाही नीट?" ते म्हणाले, "रंगाचा वास बसलाय नाकात." गुरुवारी सकाळी ते गच्चीवर गेले आणि परत आले. चुलीपाशी उभे राहिले आणि परत आले. मी धास्तावलो होतो. ते कार्ड जाळले असते तर जगात कोणाला कळले नसते. मलाही त्यांचा राग येईना, कारण ते कोणाला वाचवायला बघत होते ते मला दिसत होते. पण मग मी कशाला होतो? अठरा हजार कार्डे मी कशासाठी धरून बसलो होतो?

गुरुवारी दुपारी बाईंनी चहा केला आणि कप माझ्या डोक्यावर ठेवला. त्या दिवशी मला कपाचे भान नव्हते. पेंटरांनी खिशातून कार्ड काढून कपाशेजारी ठेवले.

"हे सतराव्याच्या मागे पडलं होतं. परवापासून खिशात आहे माझ्या."

बाईंनी वाचले. उलटून दिवस पाहिला. त्या दिवसाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, कारण त्याच दिवशी त्यांना घरचा निरोप आला होता.

"हे मी पाहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "पण मग सफरचं? तेही शाईतच आहे. दोन्ही कशी पाहीन मी?"

"ते तुझं नाही. माझं आहे."

"म्हणजे?"

"तुझे डोळे बांधलेले होते तेव्हा. पुसट झालेली कार्डं मी उठवली. तुझ्या अक्षरात. मला काय माहीत, त्या पुसटपणालाही अर्थ होता."

बाईंचा हात चहाच्या कपाकडे गेला आणि तसाच मागे आला. "किती?"

"दोनशे बारा."

"अहो, मला विचारायचं तरी एकदा!"

"म्हटलं, डोळे उघडशील तेव्हा तुला बरं वाटेल."

"वाटलं ना!" बाईंचा आवाज फुटला. "फार बरं वाटलं होतं. म्हटलं, काय छान झालेत डोळे, सगळं कसं ठळक दिसतंय."

त्या रडल्या. वडील गेले तेव्हा रडल्या होत्या तशा, माझी मूठ धरून. पेंटर शेजारी उभे राहिले, हात चोळत. मग बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि फोन उचलला.

"छपाई थांबवा," त्या संपादिकेला म्हणाल्या. "चौथं प्रकरण चूक आहे. म्हणजे सगळंच चूक आहे."

पलीकडून संपादिकेचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाई, उद्या न्यायचंय हो! एका महिन्याच्या नावाचा तर फरक. कोण बघणार आहे?"

"आठ महिन्यांचा फरक आहे. आणि मी बघतेय ना."

पुढचे दीड वर्ष बाई आणि पेंटर दुपारी माझ्यासमोर बसत. पेंटर कार्ड हातात घेऊन विचारत, "हे कोणी कळवलं होतं? खरं निघालं का?" बाई आठवत, जुनी पत्रे शोधत, लोकांना लिहून विचारत. दोनशे बारांपैकी सत्तेचाळीस कार्डांचे खरेखोटे काहीच कळले नाही. कधी बाई चिडत, कार्ड टेबलावर आपटत आणि म्हणत, "तुमच्या त्या सुंदर अक्षराला आग लागो!" पेंटर मान खाली घालून पुढचे कार्ड काढत. संध्याकाळी दोघे एकत्रच फिरायला जात.

पेंटरांनी माझी फट फळी ठोकून बुजवायचे ठरवले होते. हातोडी, खिळे सगळे आणले. बाई म्हणाल्या, "हात लावू नका. एकोणतीस वर्षं कार्ड तिथं पडून होतं, एक अक्षर फुटलं नाही की डाग पडला नाही. बाबांच्या वाऱ्यानंच राखलं ते. आपण वर्षातून एकदा खण पुरते बाहेर काढत जाऊ, म्हणजे झालं." मित्रांनो, इतकी वर्षे मी त्या फटीला माझे पाप समजत होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पुस्तक आले. आधीच्या निम्मेच होते. नावही बदलले होते: 'बंदर आणि दरबार: कोण कोणाकडून शिकले?' त्याचे फारसे कौतुक झाले नाही. एकाने लिहिले की बाईंना ठामपणे काही सांगता आले नाही. पेंटरांनी प्रस्तावना मोठ्याने वाचून दाखवली, कारण बाईंना बारीक टाइप आता दिसत नाही. चुकीची सगळी हकीकत बाईंनी त्यात लिहिली होती, आणि शेवटी असे होते: 'दोष सर्वस्वी माझा. कार्डे कशी वाचायची हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले, पण ज्या माणसाबरोबर राहिले त्याला सांगायचे राहिले.' पेंटर तिथे थांबले. पुढचे पान त्यांना लवकर उलटता आले नाही.

ती सत्तेचाळीस कार्डे बाईंनी चोवीसाव्या खणात ठेवली आणि पेंटरांना म्हणाल्या, "आता यावर नाव लिहा." पेंटरांनी ब्रश काढला. बाईंनी त्यांच्या हातातून तो घेतला आणि शिसपेन दिली. ज्यांनी जन्मात कधी खडूची रेघ आखली नाही, त्यांनी शिसपेनीने लिहिले: 'ठाऊक नाही'.

मित्रांनो, तुमच्याही घरी खण असतील, दप्तरे असतील, कोणाच्या तरी वह्या असतील. वर्षातून एकदा ते सगळे पुरते बाहेर काढा आणि मागे हात घालून बघा. पाहिलेले आणि नुसते ऐकलेले एका शाईत लिहू नका. आणि तुमचा एखादा नियम असेल तर तो घरच्यांना सांगून ठेवा, कारण तुमच्यावर माया करणारी माणसे तुम्हाला न विचारताच तुमचे काम करायला बसतात. तेवढे केलेत तर माझ्यासारख्या एखाद्या बिचाऱ्या पेटाऱ्याची निम्मी काळजी कमी होईल.

माझी काळजी काही पुरती गेली नाही. चोवीसाव्या खणावरची अक्षरे पुसट होत चालली आहेत, आणि बाईंना आता अगदीच कमी दिसते. परवा पेंटर चष्मा लावून त्या नावापुढे बराच वेळ उभे राहिले. मग टेबलाकडे वळले. टेबलावर निळ्या शाईची दौत होती. पेंटर परत आले, वाकले, आणि त्याच अक्षरांवरून त्यांनी हलक्या हाताने पुन्हा शिसपेनच फिरवली.